सॉफ्टवेअर राहू दे, आधी एका खोलीचा हीट लोड हाताने काढ

"ताई, मेकॅनिकलची डिग्री होऊन आठ महिने झाले. मला बिल्डिंगच्या हीटिंग-कूलिंगच्या डिझाईनमध्येच जायचंय, पण सगळीकडे दोन वर्षांचा अनुभव मागतात. सध्या हातात दोन गोष्टी आहेत. एका एचव्हीएसी (हीटिंग, व्हेंटिलेशन, एसी) कॉन्ट्रॅक्टरकडे साईट इंजिनिअरची ऑफर आलीये, आणि दुसरीकडे चार महिन्यांचा एक डिझाईन कोर्स आहे, पाच सॉफ्टवेअर शिकवतात आणि नोकरीची हमी देतात म्हणे. साईटवर गेले तर डिझाईनपासून कायमची तुटेन अशी भीती वाटते, शिवाय साईटवर मुली नसतातच असंही ऐकलंय. थर्मोडायनॅमिक्स जेमतेम सुटला होता. मैत्रिणी म्हणतात शेवटी एसीवालीच होणार ना. काय करू?"

अगं, ऑफर घे. कोर्स आत्ता नको. झालं उत्तर, पण एवढ्यावर थांबले तर तू म्हणशील ताईने नुसतं फर्मान काढलं, म्हणून का ते सांगते, आणि ऑफर घेताना डोक्यात काय ठेवायचं तेही.

आधी कोर्सचं बघू. चार महिन्यांत पाच सॉफ्टवेअर शिकलीस की तुला बटणं कळतील. कॅरियर कंपनीचं हॅप उघडायचं नाहीतर ट्रेन कंपनीचं ट्रेस, भिंत टाकायची, काच टाकायची, माणसं टाकायची, रन दाबायचं, रिपोर्ट हजर. आता तो रिपोर्ट ४२ टन म्हणतोय आणि खरं उत्तर २८ च्या आसपास आहे, हे ओळखायचं कुणी? सॉफ्टवेअर नाही ओळखत. त्याला तू ताजी हवा दोनदा टाकलीस तरी ते गुमान मोजतं आणि छान रंगीत पानं छापून देतं. मी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेते तेव्हा रिझ्युमेवर पाच-सहा सॉफ्टवेअरची नावं असतातच, त्याकडे मी बघतही नाही, मी फक्त विचारते की या खोलीचा लोड, म्हंजे तिच्यातून काढावी लागणारी उष्णता, अंदाजे किती येईल आणि का, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. ज्याची अडत नाही त्याला सॉफ्टवेअर आम्ही पंधरा दिवसांत शिकवतो.

म्हणून तुला एक काम देते, याला एक रुपया लागत नाही. एक मीटिंग रूम धर, ६ मीटर बाय ५ मीटर, पश्चिमेला १० चौरस मीटर काच, आत १० माणसं. बाहेर ३६ डिग्री, आत २४. आता कागदावर मांड. माणूस ऑफिसचं काम करताना साधारण १३० वॅट उष्णता सोडतो, त्यातले ७५ सेन्सिबल म्हंजे हवा गरम करणारे आणि ५५ लेटंट म्हंजे घामा-श्वासातून हवेत ओल घालणारे, १० माणसांचे झाले १३००. लाईट ८ वॅट प्रति चौरस मीटर धरले तर २४०. दहा लॅपटॉप आणि भिंतीवरचा एक स्क्रीन, ७०० धर. काचेवर दुपारी उशिरा ६०० वॅट प्रति चौरस मीटर ऊन पडतंय आणि काच त्यातलं ४० टक्के आत सोडते असं धरलं तर २४००. काचेतून नुसत्या तापमानाच्या फरकाने येणारी उष्णता, यू व्हॅल्यू (एक डिग्री फरकाला एका चौरस मीटरमधून जाणारे वॅट) ३ धरली तर ३६०. राहिली ताजी हवा, माणशी ८ लिटर प्रति सेकंद म्हंजे एकूण ८०, तिला थंड करायला ११५० च्या आसपास, आणि बाहेरच्या हवेत किलोमागे ८ ग्रॅम ओल जास्त असेल तर ती काढायला अजून १९२० वगैरे. बेरीज कर, ८ किलोवॅटच्या जरा वर जाते. एक टन म्हंजे ३.५१७ किलोवॅट, तर ही खोली २.३ टनांची झाली. भिंती-छताचं मी मुद्दाम सोडलंय, ते तू घाल.

आता खरी गंमत. तीच खोली, तेवढंच क्षेत्रफळ, पण काच उत्तरेला आहे असं समज, म्हंजे काचेवर ६०० च्या जागी १५० वॅट, आणि माणसं फक्त ४, लॅपटॉपही ४, म्हंजे ७०० च्या जागी ४०० धर. परत मांडून बघ, जेमतेम साडेतीन किलोवॅटच्या आत येईल, म्हंजे एक टनही नाही. आणि आपल्याकडे लाईनीत कितीतरी लोक अजून चौरस फुटाला भागून टन काढतात! ३२० चौरस फूट, भागिले २००, आले १.६ टन, चला पुढे. त्या ठोकताळ्याने पहिल्या खोलीत लोक घाम पुसत बसतील आणि दुसऱ्या खोलीत मशीन थोडा वेळ चालून बंद, परत चालू, परत बंद करत राहील, तापमान खाली येईल पण ओल निघणार नाही, कारण ओल निघायला कॉईल, म्हंजे हवा थंड करणारी नळ्यांची जाळी, सलग थंड राहावी लागते. थंड पण चिकट खोली, ही जास्त टनाची खूण. ठोकताळा वाईट नाही, तपासायला उत्तम, पण डिझाईन करायला नाही. अजून एक बघ, पहिल्या खोलीच्या ८ किलोवॅटपैकी ३ च्या वर एकटी ताजी हवा खातेय. हे एकदा स्वतःच्या हाताने मांडलं की डोक्यातून जात नाही, मग कुणी सहज म्हणालं की ताजी हवा वाढवू या की, तर तुझ्या कपाळावर आठी येते आणि तू विचारतेस, किती, आणि ती थंड कोण करणार.

हीटिंगचा हिशोब याच्या उलट मनाने करायचा असतो, हे नवीन मुलांच्या लवकर लक्षात येत नाही. कूलिंगमध्ये आपण ऊन, माणसं, मशीनं सगळं धरतो. हीटिंगमध्ये ते सगळं सोडून द्यायचं, कारण सगळ्यात थंड वेळ म्हंजे पहाटेची, तेव्हा ना ऊन ना माणसं, आणि माणसं यायच्या आधी खोली गरम झालेली हवी. उरतं काय तर भिंत, काच, छत यांचं यू गुणिले क्षेत्रफळ गुणिले तापमानातला फरक, आणि फटींतून शिरणारी थंड हवा. दिसायला हिशोब सोपा आहे, पण फटींची हवा किती धरायची तिथे अनुभव लागतो. हल्ली हीट पंप सगळीकडे येतायत, एक युनिट वीज घेऊन तीन-चार युनिट उष्णता देतात, पण बाहेर जितकं गार तितकी त्यांची क्षमता घटते, नेमकी तेव्हाच जेव्हा तुला ती जास्त हवी असते. म्हणून कॅटलॉगच्या पहिल्या पानावरचा आकडा बघून हीट पंप निवडायचा नाही, खालचं टेबल बघायचं.

आणि बाहेरचं तापमान ३६ मी मनाने धरलं तसं खऱ्या कामात धरत नाहीत. अ‍ॅश्रे ही या क्षेत्रातली मोठी संस्था, १९५९ मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र येऊन झाली, ती जगभरच्या ठिकाणांचा हवामानाचा डेटा देते, त्यात ०.४ टक्के, १ टक्का, २ टक्के अशा डिझाईन कंडिशन असतात. वर्षाचे ८७६० तास, त्यातले ०.४ टक्के म्हंजे साधारण ३५ तास बाहेर त्यापेक्षा जास्त गरम असणार हे मान्य करूनच आपण डिझाईन करतो. आजवरचा सगळ्यात गरम दिवस धरून मशीन घेतलं तर ते उरलेलं वर्षभर अर्ध्या लोडवर कण्हत चालेल. क्लायंटला हे समजावता येणं हासुद्धा डिझाईनचाच भाग आहे, नाहीतर तो म्हणतो जरा जास्तीचं टाका ना, काय बिघडतं, आणि आर्किटेक्टने थोडं वाढवलेलं, तू थोडं वाढवलेलं, वेंडरने थोडं वाढवलेलं असं करत करत दीडपट मशीन छतावर जाऊन बसतं.

बरं, आता तू म्हणशील हे सगळं कागदावर होतंय तर साईट कशाला. थांब, हिशोब अजून संपला नाहीये. त्या पहिल्या खोलीचा ताज्या हवेशिवायचा सेन्सिबल लोड काढ, ४४५० वॅट येतो. खोली २४ ला आणि डक्टमधून हवा १३ ला येतेय असं धरलं तर ४४५० भागिले (१.२ गुणिले ११), यातला १.२ म्हंजे एक लिटर हवा एक डिग्रीने बदलायला लागणारे ज्यूल, म्हंजे सुमारे ३३७ लिटर प्रति सेकंद, साईटच्या भाषेत ७१५ सीएफएम (मिनिटाला घनफूट). एवढी हवा आवाज न करता न्यायची तर साधारण ३०० बाय ३०० मिमीचा डक्ट लागेल, हवा त्यातून पावणेचार मीटर प्रति सेकंदाने जाईल. वर २५ मिमी इन्सुलेशन दोन्ही बाजूंना, झाले ३५०. फ्लँज आणि सपोर्ट धरले की ४०० च्या घरात. आणि बीमखाली फॉल्स सीलिंगपर्यंत तुझ्या वाट्याला किती जागा आहे? समज ३५०. त्यातच स्प्रिंकलरचा पाईप, केबल ट्रे, लाईटचे डबे, आणि ड्रेन पाईप ज्याला उतार द्यावाच लागतो, तो वर चढू शकत नाही. आता कर डिझाईन!

इथे साईटवर राहिलेला माणूस आणि फक्त स्क्रीनसमोर बसलेला माणूस वेगळे पडतात. दुसरा डक्ट चपटा करून ७०० बाय १२५ करतो, कागदावर क्षेत्रफळ जवळपास तेवढंच, आणि मोकळा होतो, पण चपट्या डक्टमध्ये घर्षण वाढतं, पत्रा जास्त लागतो, तो थरथरतो, आणि मीटिंग रूममध्ये दिवसभर घूं घूं चालतं. पहिला आधी आर्किटेक्टला फोन करतो की बीम कुठून फिरतोय, कॉरिडॉरमधून आणता येईल का. रेव्हिट आणि नेव्हिसवर्क्स या थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॅश, म्हंजे डक्ट-पाईप-बीमच्या टकरी, दिसतात हे खरं, पण तिथे हात घालून बोल्ट आवळायला जागा आहे का, फिल्टर बाहेर ओढता येईल का, हे मॉडेलमध्ये कुणी मुद्दाम काढलं तरच दिसतं.

साईटवर गेलीस की या गोष्टी रोज बघायच्या, कुणी सांगो न सांगो. एएचयूच्या (हवा थंड करून डक्टमध्ये ढकलणाऱ्या मशीनच्या) ड्रेनला ट्रॅप (पाणी अडून राहणारं पाईपचं वळण) आहे का आणि किती खोल. हवा आधी कॉईलमधून आणि मग फॅनमधून जात असेल तर ड्रेन पॅनजवळ हवा आत ओढली जाते, तिथे ५०० पास्कल निगेटिव्ह असेल तर ते ५० मिमी पाण्याच्या उंचीएवढं झालं, म्हंजे ट्रॅप त्याहून खोल नसेल तर पाणी बाहेर न जाता पॅनमध्येच साठतं आणि मग एक दिवस सीलिंगमधून टपकतं, आणि सगळे म्हणतात एसी गळतोय. फ्लेक्झिबल डक्ट ताणून बसवलाय की गुंडाळी करून सीलिंगवर कोंबलाय. व्हॉल्यूम डॅम्पर (डक्टमधली हवा कमी-जास्त करणारी झडप) आहे पण त्याच्याखाली जिप्समचं पक्कं सीलिंग, अ‍ॅक्सेस पॅनलच नाही, मग बॅलन्सिंग (प्रत्येक खोलीला ठरलेली हवा जुळवून देणं) करायचं कुणी आणि कसं. थर्मोस्टॅट उन्हाच्या तिरिपेत लावलाय का. आउटडोअर युनिटं भिंतीला इतकी चिकटवलीत का की स्वतःचीच गरम हवा परत ओढतायत. चिल्ड वॉटर पाईपच्या इन्सुलेशनचं जॉइंट उघडं राहिलंय का, कारण तिथे घाम धरतोच. यातलं प्रत्येक काम बघताना स्वतःला एकच विचार, की ही चूक फिटरची की ड्रॉइंगमध्ये हे दाखवलंच नव्हतं. बऱ्याचदा ड्रॉइंगमध्ये दाखवलेलं नसतं, आणि मग पुढे तू ड्रॉइंग करशील तेव्हा तो ट्रॅप डिटेल आपोआप काढशील.

टेस्टिंग आणि बॅलन्सिंगची टीम आली की तिला सोडूच नकोस. हूड धरून डिफ्यूझरवर (सीलिंगमधल्या हवेच्या जाळीवर) हवा मोजतात, पंपचं प्रेशर मोजतात, व्हॉल्व्ह फिरवतात, कंटाळवाणं काम आहे, पण डिझाईनमधला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा शेजारी शेजारी दिसण्याची हीच काय ती जागा. फॅनची स्पीड २० टक्के कमी केली की पॉवर जवळपास निम्मी होते, कारण ती स्पीडच्या घनाने बदलते, हे पुस्तकात वाचलेलं असतंच, पण व्हीएफडीचा (मोटरची स्पीड बदलणाऱ्या उपकरणाचा) आकडा डोळ्यांसमोर खाली पडताना बघणं वेगळं.

तुझी भीती मात्र अगदीच खोटी नाही हां. साईट माणसाला गिळते. सकाळी मटेरियल, दुपारी लेबर, संध्याकाळी बिलिंग, असं करत तीन-चार वर्षं जातात, पगार वाढतो, आणि मग डिझाईनला फ्रेशरच्या पगारावर जायला मन तयार होत नाही, तिथे खरंच तुटायला होतं. म्हणून माझं मत असं की वर्ष-दीड वर्ष, एक काम सुरुवातीपासून कमिशनिंगपर्यंत (यंत्रणा चालू करून तपासून देईपर्यंत) बघून व्हावं इतकं, त्यापुढे नाही. आणि या काळात शॉप ड्रॉइंगला हात लावायला मिळेल असं बघ. कन्सल्टंट जे ड्रॉइंग देतो त्यावरून कॉन्ट्रॅक्टर प्रत्यक्ष बनवायचं ड्रॉइंग काढतो, ऑफिसात बसून तेच काम दोन-तीन ड्राफ्ट्समन करत असतात आणि त्यांना साईटवरून मापं घेऊन येणारं माणूस सोन्यासारखं वाटतं. तू ती मापं घेऊन जा, शेजारी बस, ऑटोकॅड तिथेच फुकट शिकशील.

त्यानंतर कन्सल्टंटकडे जा, शक्यतो लहान ऑफिस. मोठ्या ऑफिसात तुला दोन वर्षं फक्त एक्झॉस्ट डक्टचं लेआउट किंवा फक्त शेड्यूल भरायला देतील, लहान ऑफिसात पहिल्याच वर्षी लोडपासून बीओक्यूपर्यंत (सामानाच्या मापांसकट यादीपर्यंत) सगळं अंगावर येतं. मशीन बनवणाऱ्या कंपनीत अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअर म्हणून जाणं हाही एक रस्ता आहे, सिलेक्शन तिथे खूप चांगलं कळतं, पण बिल्डिंग कळत नाही, फक्त आपलं मशीन कळतं. तिन्ही फिरलेली माणसं मी पाहिलीयेत आणि कॉन्ट्रॅक्टरकडून सुरू केलेल्यांची ड्रॉइंगं साईटवर कमी शिव्या खातात असं माझं मत झालंय.

थर्मोडायनॅमिक्सचं टेन्शन सोड. या कामात रोज लागतो तो सायक्रोमेट्रिक चार्ट (हवेचं तापमान आणि ओल एकत्र दाखवणारा आलेख), उष्णता कशी वाहते त्याचं साधं गणित, आणि फ्लुइडमधलं प्रेशर ड्रॉप. चार्ट प्रिंट करून टेबलावर चिकटव. बाहेरची हवा, खोलीची हवा, दोघींचं मिश्रण, कॉईलमधून बाहेर पडणारी हवा, हे चार बिंदू न बघता मांडता यायला लागले की तू इंटरव्ह्यूला तयार. अ‍ॅश्रेचं ५५ नंबरचं स्टँडर्ड माणसाला आराम कशाने वाटतो त्याचं, ६२.१ ताज्या हवेचं, ९०.१ ऊर्जेचं, एवढी ओळख आत्ता पुरे. ५५ मधली एकच गोष्ट लक्षात ठेव, आराम सहा गोष्टींवर ठरतो, हवेचं तापमान, आजूबाजूच्या पृष्ठभागांचं तापमान, हवेचा वेग, ओल, कपडे आणि माणूस काय काम करतोय ते. थर्मोस्टॅटला यातली एकच कळते. म्हणून २४ वर सेट असूनही तापलेल्या काचेशेजारी बसलेला माणूस तक्रार करतो, आणि तो खोटं बोलत नसतो.

एसीवालीचं काय मनाला लावून घ्यायचं. १९०२ साली विलिस कॅरियरने जी पहिली यंत्रणा आखली ती कुणाला गार वाटावं म्हणून नव्हतीच, ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत, त्या ओलीवर उपाय म्हणून होती. आजही ऑपरेशन थिएटर, औषधाचे कारखाने, डेटा सेंटर यातलं काहीच आपल्याशिवाय एक दिवस चालत नाही. आणि १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात जमलेल्यांपैकी काही माणसं न्यूमोनियासारख्या आजाराने गेली, पुढे तो लेजिओनेला नावाचा जंतू निघाला आणि बोट गेलं हॉटेलच्या एसी यंत्रणेकडे, तेव्हापासून कूलिंग टॉवरचं (मोठ्या एसीची उष्णता पाण्यावाटे बाहेर टाकणाऱ्या टॉवरचं) पाणी हा आरोग्याचा प्रश्न आहे. काम कमी पडेल अशी भीतीही नको. २०१६ च्या किगाली करारामुळे जुने रेफ्रिजरंट, म्हंजे एसीतले गॅस, हळूहळू बाद होतायत. आर४१०ए चा तापमानवाढीचा आकडा (कार्बन डायऑक्साइडचा १ धरून) २०८८, त्याच्या जागी येणाऱ्या आर३२ चा ६७५, पण आर३२ थोडा का होईना पेट घेऊ शकतो, म्हंजे खोली किती मोठी, गॅस किती, लीक डिटेक्टर कुठे, हे सगळं नव्याने बघावं लागतं. मैत्रिणींना एवढं ऐकवलंस तर त्या पुढच्या वेळी विषय बदलतील.

साईटवर मुली नसतात हे अर्धंच खरं आहे, कमी असतात. पहिले काही आठवडे फोरमन तुझ्याकडे न बघता तुझ्या बाजूच्या पोराशी बोलेल, त्यावर वाद घालत बसू नकोस, लेव्हल आणि मापं स्वतः घे आणि ती बरोबर असू देत, मग तोच विचारायला येतो. सही करायच्या आधी एचआरला नाही, ज्याच्या हाताखाली काम करायचंय त्याला फोन करून चार गोष्टी विचार. साईटवर बायकांसाठी स्वच्छ, कडी लागणारं टॉयलेट आहे का. रात्रीचं काम असेल तर जायची-यायची सोय कोण करतं. शॉप ड्रॉइंग ऑफिसात होतात की बाहेरून करून घेतात, बाहेरून असतील तर तुझ्या शिकण्याचा निम्मा भाग गेला. आणि आत्ताचं काम कुठल्या टप्प्यावर आहे, डक्टिंग नुकतं सुरू होतंय की फक्त हँडओव्हर राहिलंय. पहिल्या दोन प्रश्नांना तो हसला किंवा बघू म्हणाला तर ऑफर सोडून दे, दुसरा कॉन्ट्रॅक्टर शोध, कोर्सकडे मात्र तरीही वळू नकोस.